कशाचा धोका, ते विचारा

गेल्या पावसाळ्यात एक बाई सुनेला घेऊन माझ्या दुकानात आल्या. मेहकरकडून येणारा रस्ता आमच्या सुलतानपुरातून सिंदखेडराजाकडे जातो आणि एक फाटा लोणारकडे वळतो. त्याच बाजूला माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, केवायसी, पोरांचे प्रवेशाचे फॉर्म. दिवसभर लोक कागद घेऊन येतात. निम्म्यांना काही भरायचं नसतं, कागदावर काय लिहिलंय तेवढं ऐकायचं असतं. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. त्यावर लाल स्टिकर होतं. म्हणाल्या, "भाऊ, आशाताई म्हने सुनेचं नाव हाय रिस्कच्या यादीत आलं. मंग पैसे खात्यात कधी येतील?"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, चूक त्यांची नाही. आपल्याकडे यादीत नाव आलं म्हणजे काहीतरी बरंच झालं, असा लोकांचा अनुभव आहे. घरकुलाची यादी, कर्जमाफीची यादी, निराधारांच्या पगाराची यादी. नाव आलं की पेढे, नाही आलं की ग्रामपंचायतीत भांडण. ही तशीच एखादी योजना असणार, आणि नावातच 'हाय' आहे म्हणजे रक्कमही मोठी असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

कार्ड उघडलं. हिमोग्लोबिन ६.८. मी डॉक्टर नाही, पण गरोदर बाईचा हा आकडा ७ च्या खाली गेला की तो गंभीर धरतात, एवढं कार्डं वाचून वाचून मला कळतं. म्हटलं, "मावशी, सुनेच्या अंगात रक्त फार कमी आहे. बाळंतपणात आणखी गेलं तर जिवावर बेतेल. उद्याच दवाखान्यात न्या. बाळंतपण कुठं करायचं, रात्री गाडी कोणती बोलवायची, हे आत्ताच ठरवून ठेवा." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "मंग रक्त कमी हाय असं म्हनायचं ना सरळ. रिस्क रिस्क काय लावलं!"

या लेखात मला जे सांगायचं आहे ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगून टाकलं. तरी लिहितो, कारण दुकानात रोज असे कागद येतात आणि प्रत्येक कागदावर असा एखादा शब्द असतो. हाय रिस्क. ॲट रिस्क. व्हल्नरेबल. सेन्सिटिव्ह. एक्स्पोजर. नाहीतर त्याचं सरकारी मराठी: अतिजोखमीचा, असुरक्षित घटक, प्रवण क्षेत्र. शब्द बोलणारा घाईत असतो, ऐकणारा मान हलवतो. आपल्याला काय होऊ शकतं आणि ते टाळायला काय करायचं, हे मात्र मधल्या मध्ये राहून जातं.

माझं आवाहन छोटं आहे. असा शब्द कानावर पडला की तिथल्या तिथे विचारा: कशाचा धोका? कोणाला? कधीपर्यंत? आणि आता कोणी काय करायचं? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

इंग्रजी शब्दांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. 'रिस्क' आता आपल्याच घरातला शब्द आहे. "एवढी रिस्क कशाला घ्यायची" हे माझी ऐंशीच्या घरातली आई पण म्हणते आणि तिला त्याचा अर्थ पक्का माहीत असतो. अडचण त्या शब्दांची आहे, जे माणसाला चिकटवले जातात आणि कारण लपवून ठेवतात. 'व्हल्नरेबल' हाच घ्या. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतला 'वुल्नुस' हा शब्द आहे, म्हणजे घाव, जखम. ज्याला जखम होऊ शकते तो व्हल्नरेबल. जखम कोण करणार, याबद्दल शब्द एकदम चूप. जणू दोष त्या माणसाच्या कातडीचाच. आपल्या बोलीत बघा. "त्याला वाऱ्यावर सोडलं" म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी सोडलं? "पोरं उघड्यावर पडली" म्हटलं की कोणाच्या जाण्यानं, ते विचारावंच लागतं. "तिचा बळी दिला" म्हटलं की देणारा समोर उभा राहतो. या बोलण्यात माणसाबरोबर त्याची गोष्टही येते.

जोखीम या शब्दाचं तर मला फार कौतुक आहे. आई एसटीत बसताना मावशीला हळूच विचारायची, "जोखीम कुठं ठेवली?" म्हणजे पाटल्या, गळ्यातलं, गाठोड्यातले पैसे. मोलाची वस्तू आणि तिच्यामागचा घोर, दोन्हींना आपण एकच नाव दिलं. जे मोलाचं, ते जोखमीचं. लाल स्टिकर लावलेली ती सून या अर्थानं घरातली जोखीमच होती. पण ते कार्डावर कोण लिहिणार!

आता हाच चांगला शब्द कागदावर गेला की काय होतं ते पीकविम्यात बघा. जून उजाडला की माझ्याकडे रांग लागते. शासन निर्णयात एक ओळ असते: सर्व पिकांसाठी जोखीमस्तर ७० टक्के. दरवर्षी किमान वीस जण मला विचारतात, "म्हणजे नुकसान झालं तर सत्तर टक्के भेटते ना?" नाही भाऊ, तसं नाही. हे नीट समजून घ्या, कारण यावरून पुढे शिव्या द्यायची वेळ येते आणि त्या बहुतेक मलाच बसतात.

तुमच्या महसूल मंडळात त्या पिकाचं मागच्या ७ वर्षांत काय उत्पादन आलं ते काढतात. त्यातली चांगली ५ वर्षं निवडून त्यांची सरासरी धरतात. त्या सरासरीचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा सोयाबीनची ती सरासरी हेक्टरी १२ क्विंटल निघाली, तर उंबरठा झाला ८.४ क्विंटल. यंदा पीक कापणी प्रयोगात मंडळाचं उत्पादन ९ क्विंटल आलं तर भरपाई शून्य. तुमच्या शेतात २ क्विंटल झालं असलं तरी शून्य, कारण मोजमाप मंडळाचं आहे, तुमच्या वावराचं नाही. मंडळाचं उत्पादन ६.३ आलं तर उंबरठ्यापेक्षा २.१ कमी, म्हणजे चौथा हिस्सा. विमा रक्कम ५० हजार धरली तर हेक्टरी साडेबारा हजार. मंडळाला पाऊण क्विंटलसुद्धा झालं नाही, तर जवळजवळ पूर्ण रक्कम.

म्हणजे जोखीमस्तर ७० टक्के याचा अर्थ, सरासरीच्या खाली पहिल्या तीस टक्क्यांचं नुकसान तुमच्याच अंगावर. विमा त्याच्या पुढे सुरू होतो. एवढी ओळ कागदावर मराठीत लिहिली असती तर कितीतरी भांडणं वाचली असती. आणि त्यातही २०२३ च्या खरिपापासून राज्यात जी १ रुपयात विम्याची सोय होती ती २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, आता खरिपाच्या धान्य आणि तेलबियांच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानंच भरायचा. त्याच हंगामापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली. आधी पाण्याखाली गेलेल्या पिकाची तक्रार ७२ तासांत करायचो, ते दार त्या हंगामात बंद झालं. नियम दर हंगामाला हलतात. म्हणून हप्ता भरण्याआधी विचारा, या हंगामात नक्की कशाचा विमा आहे? पावसाचा, रोगाचा, रानडुकराचा, की फक्त मंडळाच्या सरासरीचा?

२०२५ च्या जूनअखेरीस मेहकर-लोणार भागात जो पाऊस कोसळला, त्यात कितीतरी वावरांची माती खरडून गेली. लोक विम्याची पावती घेऊन माझ्याकडे आले. खरडून गेलेल्या जमिनीची मदत पंचनाम्यावरून सरकार देतं, तिचा विम्याशी संबंध नाही. पावती खिशात असली की सगळंच सुरक्षित आहे, असं त्यांना वाटलं होतं. कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि कोणी तसं नाही म्हणूनही सांगितलं नव्हतं.

'व्हल्नरेबल' ठरण्याचा आनंद होतो तो मात्र पोकरामध्ये. मराठी नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं १५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला बुलडाणा होता. हवामान बदलाचा फटका जिथे जास्त बसू शकतो अशी गावं त्यात घेतली. पण गावात कोणी असं म्हणालं नाही की आपलं गाव संकटात आहे. म्हणाले, "आपलं गाव पोकरात आलं!" शेडनेट आलं, ठिबक आलं, शेततळी आली, त्यामुळे आनंद रास्तच होता. माझं म्हणणं एवढंच की गाव कोणत्या मोजमापानं निवडलं, ते ग्रामसभेत फळ्यावर लिहायला पाहिजे होतं. पाण्यामुळे? मातीमुळे? कोरडवाहू क्षेत्रामुळे? नाहीतर शेडनेट उभं राहतं आणि विहीर तशीच खाली जाते. अनुदान संपलं की गाव पोकरातून निघतं, संकटातून निघतं की नाही ते कोणी बघत नाही.

'प्रवण'चं एक सांगतो, कारण हा शब्द मला उगाचच छळतो. अवर्षणप्रवण, पूरप्रवण, अपघातप्रवण. संस्कृतात प्रवण म्हणजे उताराचा, एका बाजूला झुकलेला. इंग्रजीत ज्या 'प्रोन' शब्दासाठी तो घेतला त्याच्याही मुळाशी पुढे झुकण्याचाच अर्थ आहे. शब्द सुंदर आहे. पण रस्त्यावर "अपघातप्रवण क्षेत्र" अशी पाटी लावली की वाटतं, अपघात इथे पाण्यासारखे आपोआप वाहत येतात. पुढे तीव्र वळण आहे, की उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, की दिवे नाहीत, की डांबर उखडलंय? ड्रायव्हरला उपयोग त्या एका शब्दाचा असतो आणि पाटीवर नेमका तोच नसतो.

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ते ठिकाण आमच्यापासून लांब नाही. नंतर महिनाभर चहाच्या टपरीवर 'हायवे हिप्नोसिस' हा शब्द चालला. सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला गुंगी येते म्हणे. असेल. पण त्या वेळी बातम्यांमध्ये आणखी एक गोष्ट आली होती, ती मला जास्त कामाची वाटते: बस दाराच्या बाजूला पडली आणि दार जमिनीखाली दाबलं गेलं. जे थोडे वाचले ते काच फोडून निघाले. तेव्हापासून मी रात्रीच्या गाडीत बसलो की आधी संकटकाळचं दार कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, ते बघतो. नसेल तर गाडी सुटायच्या आधी विचारतो. लोक हसतात. हसू द्या. 'ट्रॅव्हल रिस्क' म्हणून कोणी भाषण दिलं असतं तर मला हे सुचलं नसतं. दार खाली दाबलं गेलं, हे कळलं म्हणून सुचलं.

संवेदनशील या शब्दाची गंमत वेगळीच. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर कवी संवेदनशील असतो, ते कौतुक. त्याच पेपरात पहिल्या पानावर एखादा मोहल्ला संवेदनशील असतो, ते पोलिस बंदोबस्तासाठी. मतदान केंद्र संवेदनशील, आणि लोणारच्या सरोवराभोवतीचा पट्टा पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील. आमच्या गावात हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी राहतात. एका पोरानं मला विचारलं होतं, "काका, आपला भाग संवेदनशील म्हणजे आपण लवकर रडतो का?" त्याला काय उत्तर द्यावं कळेना. भाग रडत नाही. कोणीतरी रात्री मोबाइलवर काहीतरी खोटं सोडतं, आणि चार पोरं ते खरं मानून रस्त्यावर येतात. तेवढं सांगितलं असतं तर पोराला कळलं असतं की तो मेसेज पुढे पाठवायचा नाही. 'संवेदनशील'नं त्याला काय कळणार?

पैशांच्या कागदांचं थोडक्यात सांगतो. "झीरो रिस्क" असं कोणी म्हणालं की समजा, बोलणारा कमिशनवर आहे. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीचं वाक्य इतक्या घाईत वाचतात की गाडी चुकत असावी. पण तिथे निदान नियम आहे: प्रत्येक योजनेच्या कागदावर जोखमीचा काटा छापावाच लागतो, कमीपासून अति जास्तपर्यंत ६ पायऱ्या. सही करण्याआधी तो काटा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. ठेवीचं याहून सोपं आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, माणशी प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. मल्टिस्टेट असो की गावची, नाही. पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही, माझं स्वतःचं खातं आहे. पण मुलीच्या लग्नाचे सगळे पैसे एका टक्क्याच्या लोभानं एकाच पतसंस्थेत ठेवायचे, तर काउंटरवर एवढं तरी विचारा: "उद्या काही झालं तर किती परत मिळेल आणि कोण देईल?"

आणि आता उलटी बाजू. संकटाचे इंग्रजी शब्द आपल्याला कळत नाहीत, हे चोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. "तुमचं अकाउंट ॲट रिस्क आहे." "केवायसी एक्स्पायर झाली, आज ब्लॉक होणार." "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही." एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले होते, शाळेत आम्हाला धाकात ठेवणारे. हातातला फोन थरथरत होता. समोरचा माणूस पोलिसांचा गणवेश घालून इंग्रजीत दरडावत होता. मी फोन घेतला आणि म्हटलं, "साहेब, मराठीत सांगा, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या ठाण्यातून?" फोन कट. भारतातल्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. पोलिस, सीबीआय, ईडी, कोर्ट, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. मास्तर नंतर मला म्हणाले, "अरे, तो इंग्रजीत बोलत होता म्हणून मला खरं वाटलं." आयुष्यभर व्याकरण शिकवलेला माणूस हे म्हणतो.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली तर ती उघडू नका. पैसे गेलेच तर लाज बाळगू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर अडवता येतात, दुसऱ्या दिवशी विचारविनिमय करून गेलात तर अवघड होतं.

मनाच्या बाबतीत मात्र मी माझं मत थोडं बदललं आहे. पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीच्या आधी त्यानं आईला फोनवर सांगितलं, "मी सध्या खूप व्हल्नरेबल फील करतोय." वहिनी म्हणाल्या, "ताप आहे का? डोलो घे." घरात आम्ही दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला आणि विचारलं, "म्हणजे काय होतंय रे?" तो पाऊण तास बोलला. नोकरी जायची भीती, खोलीचं भाडं, एकट्यानं जेवणं, रात्री झोप न लागणं. तेव्हा मला वाटलं, निदान त्याच्याकडे एक शब्द तरी होता, कसाही का असेना. त्याच्या बापाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, एकच शब्द आहे: टेन्शन. सोसायटीचं कर्ज, तुरीवरची अळी, पोरीचं स्थळ, छातीत धडधड, सगळ्याला टेन्शन. आणि आपलं ठरलेलं उत्तर: "टेन्शन घेऊ नको." म्हणजे विषय संपला. विदर्भात राहून हे उत्तर आपण अजून देतो, याची मला लाज वाटते.

इथेही तेच विचारा. "टेन्शन कशाचं?" आणि मग गप्प बसून ऐका. पैशाचं असेल तर आकडा विचारा, कोणाचं देणं आहे ते विचारा. झोप लागत नाही, जगून काय करायचं असं तोंडातून निघत असेल तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर मी दुकानाच्या काचेवर लावला आहे. कोणी उभं राहून लिहून घेत नाही, पण मोबाइलमध्ये फोटो काढून नेतात, ते मी पाहिलंय.

सगळेच कागद वाईट असतात असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, असं ठरवून दिलं की लहान मुलं, लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्ती, अपंग किंवा धमकी असलेले साक्षीदार हे 'व्हल्नरेबल' साक्षीदार, आणि त्यांच्यासाठी वेगळी साक्ष केंद्रं उभी करा. म्हणजे पोरीला आरोपीच्या डोळ्याला डोळा भिडवून साक्ष द्यावी लागू नये. इथे इंग्रजी शब्द आहे, पण त्याला खोली जोडली आहे, पडदा जोडला आहे. अशी साक्ष तुमच्या घरातल्या कोणाची असेल तर सरकारी वकिलांना आधीच सांगा, ही सोय मागा. मागितल्याशिवाय आठवत नाही कोणाला.

निवडणूक आयोगाचा एक कागद तर मला फार आवडतो. कोणत्या वस्तीतल्या मतदारांना धमकावलं जाऊ शकतं, याची आधी पाहणी करतात. पण त्या कागदावर वस्तीचं नाव लिहून थांबता येत नाही, धमकावणारा कोण असू शकतो त्याचंही नाव लिहावं लागतं आणि त्याच्यावर काय कारवाई केली तेही. घाव कोणाला लागेल याच्यासोबत घाव घालणाराही यादीत. हा रकाना प्रत्येक सरकारी यादीत टाकला तर काय बहार येईल! 'अवर्षणप्रवण' गावापुढे, तळ्याचा गाळ कोणी काढला नाही त्याचं नाव. 'अपघातप्रवण' वळणापुढे, ठेकेदाराचं नाव. बहुतेक म्हणूनच टाकत नसावेत.

आशाताई, तलाठी, कृषी सहायक, बँकेतली मंडळी, तुम्हालाही एक विनंती आहे. तुम्ही दिवसाला शंभर माणसं हाताळता, वरून आलेला शब्द पुढे ढकलणं सोपं जातं, हे मी समजू शकतो. मी स्वतःही तेच करायचो. फक्त त्या शब्दाच्या खाली पेननं एक ओळ लिहा. "रक्त कमी, ९ तारखेला तपासणी." "हप्ता भरला, पण मंडळाचं उत्पादन घटलं तरच भरपाई." भाषांतराची गरज नाही, कोश उघडायची गरज नाही. भेद्यता, प्रवणता असले शब्द तर कृपा करून लिहूच नका.

त्या लाल स्टिकरवाल्या सुनेला दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून फुकट तपासणी होते, हे माहीतच नव्हतं. २०१६ पासून ही सोय चालू आहे. सासूनं माझ्याच दुकानातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख बघितली आणि १०२ व १०८ हे दोन्ही नंबर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवते म्हणाल्या. हिवाळ्यात त्या पुन्हा आल्या, नातवाच्या जन्माचा दाखला काढायला.

दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं असतं, अमावस्येलाही. कागद वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही. पण माझ्याकडे येण्याआधी, ज्यानं कागद दिला त्याला तिथेच विचारून या.